शिवसागराला जाण्याआधी कोयनेची पातळी बघा : बामणोलीची बोट आणि काठावरची पायपीट

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मुंबईहून आलेल्या आत्याला मी मोठ्या हौसेनं शिवसागर जलाशयाच्या काठच्या बामणोलीला नेलं. तिला मोबाईलवर दाखवलेल्या फोटोत पाणी झाडांच्या मुळाशी टेकलेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा, ऊन डोक्यावर, आणि बोट कुठंय विचारलं तर बोटवाल्यानं खाली बोट दाखवलं. "पाणी उतारलंय वो, जरा चालावं लागंल." ते 'जरा' म्हणजे सुट्या मुरमाचा आणि भेगाळलेल्या गाळाचा लांबलचक उतार. आत्याचे गुडघे आधीच कुरकुरणारे. ती उतरली, बोटीत बसली, फिरून आली आणि वर चढताना मला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. वर आल्यावर जेवणाची चौकशी केली. आधी सांगून ठेवलं नव्हतं, त्यामुळे चूल थंड. पार्ल्याचा पुडा खाऊन साताऱ्याला परतलो.

बोटवाला खरं तेच सांगत होता. मीच सुट्टी बघून गेलो होतो, पाणी बघून नाही. त्यानंतर बरेचदा गेलोय, पावसाळा उतरल्यावर, थंडीत, एकदा पुन्हा उन्हाळ्यातही, आणि प्रत्येक वेळी आधी एक आकडा बघून. तो आकडा कुठला, आणि तो कळल्यावर दिवस कसा लावायचा, ते सांगतो.

आधी पाण्याचा हिशेब

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. पाटण तालुक्यात कोयनानगरला धरण उभं राहिलं, १९६०च्या दशकात पूर्ण झालं, आणि मागं महाबळेश्वरच्या दिशेनं, दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात, सुमारे ५० किलोमीटर लांब पाणी पसरलं. साठवण १०५ टीएमसीच्या किंचित वर. सातारा-सांगलीत पेपर वाचणाऱ्याला टीएमसी समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी : एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

हे पाणी नुसतं साठून राहत नाही, रोज खर्च होतं. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला जातं. या वाटेनं जाणाऱ्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. बाकीचं पूर्वेला कोयना नदीत सुटतं, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं सांगलीच्या उसाला पोचतं. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं. जून ते सप्टेंबर धरण भरतं, ऑक्टोबरपासून उतरायला लागतं, आणि मे अखेरीस तळाकडे जातं. म्हणजे तुम्ही ज्या काठावर उभे राहणार तो काठच वर्षभर जागा बदलत असतो.

म्हणून पहिली पायरी घरबसल्या करायची. आदल्या दिवशीच्या पेपरात किंवा मोबाईलवर कोयनेचा पाणीसाठा बघा. पावसाळ्यात तर तो पहिल्या पानावरच असतो. माझा आपला अनुभवाचा ठोकताळा असा : साठा ८५-९० टीएमसीच्या वर असेल तर पाणी गावाला भिडलेलं असतं, आजी-आजोबांना नेलं तरी चालतं. साठ-सत्तरच्या आसपास थोडा उतार उतरावा लागतो. पन्नाशीच्या खाली गेला की काठी, बूट आणि धडधाकट गुडघे असलेली माणसंच घेऊन जा.

कधी जायचं

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर : पाणी काठोकाठ, डोंगर हिरवे, धबधब्यांच्या शेवटच्या धारा अजून दिसतात. फोटो बहुतेक याच दिवसांतले. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात वाटेवरच्या कास पठारावर फुलांचा हंगाम असतो, आणि शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटापासून गाड्यांची रांग लागते. या दिवसांत पठारावर शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा असते. फुलं बघायची नसतील, तर मधल्या वारी जा किंवा पहाटे सहाच्या आत सातारा सोडा.

डिसेंबर ते फेब्रुवारी माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. पाणी थोडंच मागं सरकलेलं, हवा कोरडी, चालायला मजा. सकाळी पाण्यावर धुकं बसतं आणि ते उठेपर्यंत बोट सोडत नाहीत, तेव्हा साडेसातला पोचून "आत्ता का नाही सोडत?" म्हणून वाद घालू नका. चहा घ्या.

मार्च ते मे पाणी झपाट्यानं खाली जातं. काठाभोवती तांबड्या, बोडक्या मातीचा पट्टा उघडा पडतो. बरेच लोक तो बघून हिरमुसतात. मला मात्र हा काळ वेगळ्या कारणासाठी बघावासा वाटतो, त्याबद्दल पुढं लिहितो. एक धोका सांगून ठेवतो : एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस अचानक येतो. उघड्या पाण्यावर विजा चमकायला लागल्या की लपायला जागा नाही. या दिवसांत बोट सकाळीच.

भर पावसाळ्यात बोटीचा बेत करू नका. जलाशयापलीकडच्या जंगलातला वासोटा किल्ला बंद असतो, वाऱ्यापावसात बोटी सुटत नाहीत, आणि या भागात पडणारा पाऊस पुण्या-मुंबईच्या पावसाच्या मापात बसत नाही.

कुठून पाण्यात उतरायचं

साताऱ्याहून सरळ रस्ता बामणोलीचा. राजवाड्यावरून समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वर घाट, पेट्री, कास, मग खाली उतरत बामणोली. अंतर ३५ ते ४० किलोमीटर, वळणं इतकी की दीड तास धरा. एसटीही जाते, पण फेऱ्या मोजक्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते जाताना कंडक्टरलाच विचारून घ्या.

महाबळेश्वरला मुक्काम असेल तर तापोळा जवळ. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणायची टूम निघाली आहे. ज्यानं कोणी हे नाव पाडलं त्याला जावळीच्या खोऱ्याला स्वतःचं नाव आहे हे ठाऊक नसावं. जागा सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण तापोळा जलाशयाच्या शेपटाकडे आहे आणि शेपटाकडचं पाणी आधी आटतं. त्यामुळे कडक उन्हाळ्यात बोटीसाठी म्हणून तापोळ्याला जायच्या आधी फोन करून चौकशी करा.

मुनावळ्याला २०२४मध्ये सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं. वेगाच्या बोटी आणि पाण्यावरचे खेळ हवे असतील तर तिकडे. मला इंजिनाचा तो आवाज सोसत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि महाबळेश्वरचं वेण्णा लेक? साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलेलं हे तळं लहान, आटोपशीर आहे. वल्ह्याची किंवा पायडलची बोट स्वतः चालवायची, काठावर मका-भजी खायची, लहान मुलांना घोड्यावर बसवायचं, असा दीड-दोन तासांचा मामला. लहान पोरं किंवा फार चालू न शकणारी माणसं बरोबर असतील तर खुशाल तिकडे जा. कडाक्याच्या थंडीत पहाटे गेलात तर जेट्टीच्या फळ्यांवर दव गोठून पांढरं झालेलंही दिसेल, पण त्यासाठी सूर्य वर यायच्या आत पोचायला हवं.

सकाळचं वेळापत्रक

सहाला सातारा सोडा. गाडीत तेल साताऱ्यातच भरून घ्या आणि रोख पैसे काढून ठेवा. कासच्या पुढं मोबाईलची रेंज येते-जाते, आणि रेंज नसली की पैसे भरायचा मोबाईल नुसता फोटो काढायच्या कामाचा. हवा तेवढा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

सातच्या सुमारास कास तलावावर थांबा. चालायची पहिली फेरी इथंच उरका. हा तलाव म्हणजे साताऱ्याचं पिण्याचं पाणी. त्यात पाय बुडवणं, पोहणं, भांडी विसळणं हे काहीही करायचं नाही. तुमच्या चुळीचं पाणी आमच्या नळाला येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अलीकडे धरणाची उंची वाढवल्यामुळे पाणी बरंच वर आलंय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सहलीतली काठावरची वाट आता शोधत बसू नका. झाडीच्या कडेनं अर्धा-पाऊण तास चालायचं, पक्षी ऐकायचे, डबा उघडायचा. शिळी भाकरी आणि दही इथं जसं लागतं तसं घरी लागत नाही.

जास्त चालायची हौस असेल आणि फुलांचा हंगाम असेल, तर पठारावरून जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तलावाकडे जाता येतं. रस्ता सपाट, मोकळा. ज्या पाणवनस्पतीवरून नाव पडलं त्या कुमुदिनीची पांढरी फुलं तळ्यात तरंगत असतात. हंगामात वाट सोडून फुलांत पाय टाकू नका. कातळावरची माती बोटभर जाडीची असते आणि त्यातच सीतेची आसवं आणि गेंद उगवतात. एक बूट पडला की तिथलं त्या वर्षीचं संपलं.

नऊच्या आत बामणोली गाठा. वारा सकाळी पडलेला असतो आणि पाणी आरशासारखं. ऊन चढलं की डोंगरावरून वारा सुटतो, लाटा उठतात, बोट हलायला लागते. माझ्याबरोबरच्या ज्या लोकांना बोट लागली त्यातले बहुतेक दुपारी बसलेले.

पोचल्या पोचल्या, बोटीचं विचारायच्याही आधी, जेवण सांगून ठेवा. इथली हॉटेलं म्हणजे बहुधा घरच. माणसं मोजून स्वयंपाक होतो. पिठलं-भाकरी, तांबडा रस्सा किंवा मासे, जे मिळेल ते. पण "दीडला येतो, सहा जण आहोत" एवढं सांगितलं तरच.

बोट ठरवताना

भाडं माणशी नसून बोटीचं असतं. कुठल्या फेरीला किती, एका बोटीत किती माणसं, हे बोट क्लबच्या फलकावर लिहिलेलं असतं. आधी तो वाचा, मग बोला. दोघं-तिघंच असाल तर थोडं थांबा, दुसरा गट जोडीला मिळाला तर खर्च वाटला जातो. सुट्टीच्या दिवशी असे जोडीदार सहज मिळतात, मधल्या वारी पूर्ण बोटीचे पैसे धरूनच निघा.

फेऱ्या साधारण अशा. जवळची चक्कर. त्याहून मोठी त्रिवेणी संगमाची : कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचं पाणी जिथं मिळतं तिथली, दत्तमंदिराशी थांबणारी. तापोळ्यापर्यंत जाऊन येणारी. आणि सगळ्यात लांबची वासोट्याची, तिचं वेगळं लिहितो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं संगमाची फेरी घ्यावी. जवळच्या चकरेत पाणी दिसतं पण खोरं कळत नाही. संगमाशी तीन बाजूंनी डोंगरांच्या घड्या एकीमागे एक उलगडत जातात, आणि जावळीचं हे खोरं परक्याला आत येऊ देत नसे असं का म्हणायचे, ते तिथं बसल्या जागी समजतं.

बसण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि त्याचे पट्टे व बकल चालतात का. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चढवलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलं असतील तर त्यांच्या मापाचं मागून घ्या, नसेल तर दुसरी बोट बघा. आणि फलकावरच्या आकड्यापेक्षा माणसं जास्त भरताहेत का. "बसा वो, काय होत न्हाय" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणायचं. हे पाणी खोल आहे, मधोमध गेल्यावर दोन्ही काठ दूर असतात आणि तळाशी जुन्या झाडांची खोडं आहेत.

बोटीत जॅकेट उन्हानं टोचतं म्हणून काढू नका. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की बोट त्या बाजूला कलते. बोटवाला ओरडला तर राग मानू नका. मधेच इंजिन बंद करायला मात्र जरूर सांगा. पाचच मिनिटं. पलीकडच्या जंगलातून रानकोंबडा ओरडतो तो स्पष्ट ऐकू येतो.

उतरलेल्या पाण्याचा काठ

आता उन्हाळ्याचं कारण सांगतो. पाणी खाली गेलं की काठावर दगडांच्या सरळ ओळी उघड्या पडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते नुसते दगड वाटतात. ते शेतांचे बांध आहेत. या पाण्याखाली गावं गेली, भातखाचरं गेली, आणि माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी लांबलांब नेऊन वसवली गेली. कोयना धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. काठावर गुरं राखणारा एखादा म्हातारा भेटला आणि बोलायच्या मनात असला तर खाली बोट दाखवून आपल्या भावकीचं शेत कुठं होतं ते सांगतो. त्याच्याशी बोलताना व्हिडिओ चालू करू नका, आधी विचारा.

या पट्ट्यात चालायला तासभर छान जातो, पण एक पथ्य पाळा. वरून वाळून भेगाळलेला गाळ आतून लोण्यासारखा मऊ असतो. पाण्याच्या कडेला जाल तसा तो फसवा होतो, पाय पोटरीपर्यंत रुततो आणि चप्पल आतच राहते. गुरांच्या खुरांची वाट असेल तिथूनच जा, मुलांना पाण्याकडे एकटं सोडू नका, आणि पोहायला उतरू नका. उतार सरळ नाही, दोन पावलांवर खाचराचा बांध संपून एकदम खोल असू शकतं.

वासोट्याला जायचं असेल तर

मग तो दिवस फक्त वासोट्याचा ठेवा. कास, संगम, मासे सगळं बाजूला. वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि २०१०पासून हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून बामणोलीतच वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. सगळ्यांची ओळखपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन जा. सकाळी लवकर परवानगी, मग बोटीनं साधारण दीड तास. पायथ्याला मेट इंदवली, तेही उठून गेलेलं गाव. तिथं वनखात्याचे लोक प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या मोजून घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. स्टीलची बाटली आणि कापडात बांधलेला डबा नेलात तर मोजणी झटपट होते.

चढ दोन ते अडीच तासांचा, जवळजवळ सगळा दाट झाडीतून. ऊन लागत नाही, पण घामानं भिजायला होतं. ओढ्याशी मारुती-गणपती आहेत, तिथं पाणी भरून घ्या. वर बाबूकड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली एकदम कोकण. त्या टोकाला कठडा नाही. वाऱ्यात कडेला जाऊ नका. नागेश्वर या गुहेतल्या शिवमंदिराचा फाटा वाटेत लागतो, पण एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायची जिद्द कसलेल्या पायांनीच धरावी. जंगलात गवे आहेत, अस्वलं आहेत. मोठमोठ्यानं गाणी लावून गेलात तर प्राणी दिसणार नाहीत, आणि बरोबरचे गावकरी वाटाडे मनातल्या मनात शिव्या देतील. बोटवाल्यानं परतीची जी वेळ दिली असेल त्याच्या अर्धा तास आधी खाली या. अंधारात बोट चालवायला लावणं म्हणजे त्याच्याही जिवाशी खेळ.

पिशवीत काय, आणि परत कधी

टोपी, पाणी, जाड तळव्याचे बूट, एक जादा कपड्यांचा जोड, थंडीत स्वेटर. पाण्यावरचा सकाळचा गारठा काठावरून कळत नाही. बोट लागणाऱ्यांसाठी आलेपाक. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. कचऱ्याची पिशवी आपली आपण न्या. बामणोलीत टाकलेला कचरा उचलायला कोणती घंटागाडी येत नाही.

जेवण उरकून साडेतीन-चारला निघा. परतीला कासच्या रस्त्यावर संध्याकाळी गवे रस्त्यात उभे असतात. हॉर्न मारू नका, दिवे खाली करा, गाडी थांबवा आणि काचा वर ठेवून बसा. तो त्याच्या चालीनं जातो. आत्याच्या वेळेला असाच एक पंधरा मिनिटं हलला नव्हता. पार्ल्याचा दुसरा पुडा तेवढ्यात संपला.